न उघडलेला रायडर : एका फिगरच्या पोशाखाचं प्रकरण

जून २०२३. तोक्योत त्सुयू लागला होता, म्हणजे आपल्या मृगासारखेच पण वाऱ्याशिवायचे चिकचिकीत दिवस. निशिकासाईतल्या आमच्या घरात ओशिइरे आहे, अंथरुणं ठेवायचं सरकत्या दाराचं कपाट. त्याच्या सगळ्यांत वरच्या कप्प्यातून मी एक खोकं खाली काढलं. २००९ मध्ये नाकानो ब्रॉडवे या संग्राहकांच्या दुकानांनी भरलेल्या इमारतीतून आणलेलं. दुकानाची चिठ्ठी तशीच होती: मिकाइफू, न उघडलेलं. मीही ते चौदा वर्षं उघडलं नव्हतं.

आत फिगर होती, म्हणजे संग्राहकांची बाहुली: १९७१ च्या जपानी टीव्ही मालिकेतला मुखवटाधारी नायक, पहिला कामेन रायडर, तोही अगदी सुरुवातीच्या भागांतला. जपानी चाहते त्याला क्यू-इचिगो म्हणतात, म्हणजे जुना पहिला. उंची ३० सेंटिमीटर, माणसाच्या साधारण एक षष्ठांश. आत प्लॅस्टिकचं सांधेदार शरीर, वर चामड्यासारख्या कापडाचा शिवलेला पोशाख, हिरवं छातीकवच, लाल स्कार्फ, मोठ्या लाल डोळ्यांचा मुखवटा. याच फिगरची दुसरी प्रत २००७ पासून बैठकीच्या खोलीत, काचेच्या शोकेसमध्ये उभी होती. ती आणल्या दिवशीच उघडली होती. तिचे हातपाय वाकवले, फोटो काढले, धूळ पुसली, मुलीने एकदा तिला बागेतही नेलं. एक वापरायची, एक जपायची, असा माझा साधा हिशेब होता.

खोक्याच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा रायडरच्या खांद्यांवर भस्म लावल्यासारखं पांढरट काही दिसलं. झाकण उघडताच आंबूस वास आला. दंडाला बोट लावलं आणि पोशाखाचा वरचा थर कांद्याच्या सालीसारखा बोटाला चिकटून निघाला. खाली विणलेल्या कापडाची करडी जाळी उघडी पडली. मांडीच्या आतल्या बाजूला तर तो थर गुळासारखा ओलसर झाला होता.

मग शोकेसमधला काढून पाहिला. त्याच्या कोपरांना आणि गुडघ्यांमागे भेगा होत्या, मानेजवळ एक पापुद्रा सुटला होता. बाकी पोशाख धड होता. जपलेला गेला आणि वापरलेला राहिला. का, हे समजून घ्यायला आणि त्यावर इलाज शोधायला मला पुढचं वर्ष लागलं. त्याची ही नोंद.

याच रायडरचा एवढा जीव का

माझ्या वयाच्या मराठी मुलांना जपानी नायकांची पहिली ओळख दूरदर्शनवरच्या ‘जायंट रोबो’ने करून दिली. मनगटावरच्या घड्याळात बोलणारा मुलगा आणि त्याचं ऐकणारा प्रचंड यंत्रमानव. मूळ मालिका १९६७-६८ ची, २६ भागांची. आमच्यापर्यंत ती ऐंशीच्या दशकात पोचली. शेवटच्या भागात रोबो शत्रूला उचलून अंतराळात जातो आणि परत येत नाही. त्या दिवशी आमच्या आळीत कोणी जेवायला हाक मारली तरी उठलं नव्हतं. जपानला आल्यावर त्या मालिकेच्या मागेपुढे काय काय होतं ते शोधायला लागलो आणि रायडरपाशी येऊन थांबलो.

कामेन रायडर ३ एप्रिल १९७१ ला सुरू झाला आणि ९८ भाग चालला. मूळ कल्पना शोतारो इशिनोमोरी यांची, निर्मिती तोएई या चित्रपट कंपनीची. नायकाचं काम करणारे हिरोशी फुजिओका सुरुवातीला मुखवटा आणि पोशाख घालून साहसदृश्यंही स्वतःच करत. नववा-दहावा भाग चित्रित होत असताना मोटरसायकलवरून पडून त्यांचं मांडीचं हाड मोडलं. चौदाव्या भागापासून ताकेशी ससाकी दुसरा रायडर म्हणून आले. जुना पहिला म्हणजे त्याआधीचे तेरा भाग.

त्या तेरा भागांतला पोशाख चामड्याचा आणि गडद होता. रात्रीच्या दृश्यांत तो अंधारात मिसळून जाई. म्हणून दुसऱ्या रायडरचा मुखवटा उजळ केला आणि हातापायांच्या कडेने पांढरी रेघ ओढली. पुढे ५३ व्या भागापासून पहिला रायडर परतला तेव्हा त्याला दोन चंदेरी रेघा मिळाल्या. चाहते या रेघा मोजून भाग ओळखतात. मला मात्र बिनरेघेचा तो काळोखा रायडरच प्रिय आहे. तो अजून ठरलेला नायक झालेला नाही. त्याचं चामडं माणसाच्या अंगावर लोंबतं, गुडघ्याला चुण्या पडतात, आत कोणीतरी घामाघूम झालंय हे कळतं.

या चुण्या हा छंदातला खरा वादाचा मुद्दा आहे. अल्ट्रामॅन या दुसऱ्या जपानी टीव्ही-नायकाचंच पाहा. १९६६ च्या मालिकेत त्याचे तीन मुखवटे झाले. पहिल्या तेरा भागांतला मुखवटा तोंड हलावं म्हणून मऊ थराचा केला होता, म्हणून ओठांच्या बाजूला सुरकुत्या पडल्या. शिल्पकार-कलाकार तोरू नारिता यांच्या मनातला अल्ट्रामॅन गुळगुळीत होता. छातीवरचा लुकलुकणारा दिवाही त्यांच्या मूळ आराखड्यात नव्हता. तरीही आज संग्राहक त्या सुरकुत्यांचीच फिगर मागतात, कारण पडद्यावर दिसलं ते तेच. पदार्थाचा दोष पात्राचा चेहरा होऊन बसला. चामड्याच्या चुण्यांचंही तेच झालं.

कोरलेलं की शिवलेलं

सांधेदार फिगर बनवणाऱ्यांपुढे इथे दोनच वाटा आहेत. एक, पोशाख प्लॅस्टिकमध्येच कोरायचा. बांदाई या खेळणी कंपनीची एस. एच. फिगुआर्ट्स ही फिगरची मालिका २००८ पासून हेच करते. उंची १५ सेंटिमीटरच्या आसपास, सांधे चुण्यांच्या ओळीत लपवलेले. त्यातली शिनकोच्चो ही २०१४ पासूनची शाखा तर आत पोशाख घालणाऱ्या माणसाच्या हाडांच्या ठेवणीपासून सुरुवात करते. अप्रतिम काम असतं. पण कोरलेली चुणी हात वर केला तरी तिथेच राहते आणि कोपर दुमडलं की सांध्याची चीर दिसते.

दुसरी वाट कापडाची. ती जुनी आहे. १९७२ मध्ये ताकारा कंपनीने हेन्शिन सायबॉर्ग आणला, ३० सेंटिमीटरचं पारदर्शक शरीर, आणि त्यावर चढवायचे नायकांचे पोशाख वेगळे विकले. त्याआधीच्या मऊ व्हिनाइलच्या सोफुबी बाहुल्यांचे फक्त मान-खांदे-कंबर फिरत. सायबॉर्गला कोपर-गुडघे होते, म्हणून अंगावरचं कापडही हालचालीबरोबर बदलत होतं. माझा रायडर याच घराण्यातला. तो बसला की गुडघ्यामागे खरोखरची चुणी पडते. ते पाहूनच मी तो घेतला होता.

त्या चुणीची किंमत पोशाखाच्या पदार्थाने वसूल केली.

काय सडलं

तो पोशाख चामड्याचा नव्हता. विणलेल्या पातळ कापडावर पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं कृत्रिम चामडं होतं. हा लेप दोन जातींचा असतो. पॉलिएस्टर जातीचा घट्ट, दिसायला छान आणि स्वस्त. पण त्याच्या रेणूंची साखळी जिथे जोडलेली असते तिथेच पाणी तिला तोडतं. जपानीत याला काशुइबुन्काई म्हणतात, पाण्याने होणारं विघटन. इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत हा शब्द रोज कानावर पडतो. साखळी तुटली की आम्ल तयार होतं आणि तेच आम्ल पुढची तूट वेगाने करतं. खांद्यावरची पांढरी पूड बहुधा त्या आम्लाचेच स्फटिक होते. दुसरी, पॉलिइथर जात, पाण्याला बरीच जास्त टिकते, पण उजेडाने झिजते.

मराठी वाचकाला हे नवं नाही. पावसाळ्यानंतर कपाटातून काढलेल्या न वापरलेल्या बुटांचे तळवे पहिल्या दहा पावलांत भुगा होऊन पडतात. चार-पाच वर्षांत सोफ्याची सालं निघून पाठीला चिकटतात. तेच हे. यात पाणी म्हणजे भिजणं नव्हे. हवेतला दमटपणा पुरतो. आणि घड्याळ खोकं उघडल्यावर नाही, कारखान्यात लेप वाळल्या दिवसापासून चालू होतं.

मग शोकेसमधला कसा तगला? माझ्या मते तीन कारणं आहेत. बैठकीच्या खोलीत एअरकंडिशनर चाले, म्हणजे त्सुयूतही हवा कोरडी राही. ओशिइरेत मात्र अंथरुणांचा दमटपणा आणि वरच्या कप्प्याची ऊब. दुसरं, खोक्यात रायडर प्लॅस्टिकच्या साच्यात दाबून बसवलेला होता आणि वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलेलं. सुटलेलं आम्ल आणि हातमोजे-बुटांच्या मऊ व्हिनाइलमधून झिरपणारं तेलकट द्रव्य बाहेर जायला जागाच नव्हती. तिसरं, जिथे साच्याचा दाब होता, म्हणजे मांड्या, काखा, पाठ, तिथेच लेप ओला झाला होता. ही जुळणी योगायोगाची वाटत नाही. दोनच नग आहेत आणि ते एकाच खेपेतले असतीलच असं नाही, त्यामुळे यावरून नियम बांधता येणार नाही. पण न उघडलेलं म्हणजे सुरक्षित, ही समजूत माझ्या घरात तरी त्या दिवशी संपली.

ती किती घट्ट रुजलेली आहे हे सांगायला हवं. नाकानोत वा आकिहाबाराच्या भाड्याच्या काचकपाटांत तीच फिगर मिकाइफू असली की भाव चढतो. आतलं कापड काय आहे, कधीचं आहे, कोणी विचारत नाही, कारण उघडून पाहिलं की तो भाव गेला. आपण आत काय आहे ते न बघण्याचे पैसे देतो. मी दिले होते.

पहिला प्रयत्न आणि त्याची चूक

नवीन फिगर घेणं हा सोपा मार्ग होता, पण त्या वर्षांतला प्रत्येक नग याच कापडाचा. पुण्यातल्या एका संग्राहक मित्राचा रायडरही याच वळणावर होता, आणि त्याला तर आयातही परवडणारी नव्हती: भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. दुरुस्ती जमली तर दोघांचं काम होणार होतं.

आधी सफाई. पोशाख कापूनच काढावा लागला. शरीरावर राहिलेला चिकटा मी कागदी चिकटपट्टीने टिपून उचलला, मग कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. अॅसिटोन जवळही आणलं नाही. शरीर एबीएस प्लॅस्टिकचं असतं आणि ते त्यात विरघळतं. सांधे पुसून एक आठवडा उघड्यावर वाळवले. काळ्या रंगाचे डाग छातीला आणि मांड्यांना लागले होते, ते गेले नाहीत. हातमोजे धुऊन टाल्कम पावडरीने चोळल्यावर चिकट राहिले नाहीत. मुखवटा, पट्ट्यातलं लाल पवनचक्र, मिशांसारखे दोन्ही बारीक स्पर्शक, सगळं शाबूत होतं.

मग मी ठरवलं की मूळ पोशाख चामड्याचा, तर आपणही खरं चामडंच घालू. असाकुसाबाशीजवळ चामडं विकणारी दुकानं आहेत. तिथे मेंढीचं चामडं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत तासून देतात. रात्री जागून हाताने एक बाही शिवली. ती चढली, पण कोपर वाकेना. जोर केल्यावर सांधा टक्क वाजला तेव्हा थांबलो.

चूक कुठे झाली ते कागदावर आकडे मांडल्यावर दिसलं. खऱ्या पोशाखाचं चामडं एक मिलिमीटर धरलं, तर एक षष्ठांश मापात ते ०.१७ मिलिमीटर हवं. मी घातलेलं अर्ध्या मिलिमीटरचं चामडं माणसाच्या मापात तीन मिलिमीटरचं होतं. चपलेच्या तळव्याचा सदरा शिवल्यासारखं. खरा पदार्थ वापरला म्हणून खरं दिसत नाही. लहान मापात चामड्यासारखं वागणारं काहीतरी दुसरंच लागतं.

आई निप्पोरीत

२०२४ च्या वसंतात आई इचलकरंजीहून आली. तिने तीस-पस्तीस वर्षं घरी ब्लाउज शिवले. टेबलावर नागडा रायडर आणि शेजारी ती एक बाही पाहून तिने पहिला प्रश्न विचारला, “याचा जुना झगा कुठाय?” मी तो एका पिशवीत ठेवला होता, फेकला नव्हता. या प्रकरणात माझ्या हातून झालेली ही एकच शहाणपणाची गोष्ट.

तिने शिवणी ब्लेडने उसवल्या आणि चुरगळलेले तुकडे वर्तमानपत्रावर सपाट मांडले. पापडाच्या डब्याभोवती गुंडाळून आणलेलं कोल्हापूरकडचं वर्तमानपत्र होतं ते. पेन्सिल फिरवून कटिंग तयार केलं. आणि मग मला जे वर्षभर दिसलं नव्हतं ते तिने दाखवलं: मूळ पोशाखाच्या काखेत काहीच जोड नव्हता. बाही सरळ मुंढ्याला लावलेली. हात वर गेला की सगळा ताण खांद्याच्या लेपावर येई, आणि शोकेसमधल्या नगाच्या मानेजवळचा पापुद्रा तिथेच सुटला होता. तिने काखेत शंकरपाळ्याच्या आकाराचा छोटा तुकडा घातला. तसाच एक जांघेत.

“अरे, माणसाच्या मापाला सहाने भागून बाहुलीचं होत नाही,” ती म्हणाली. “सुईचं भोक तेवढंच राहतं.” म्हणून शिवणीची माया तिने दोन मिलिमीटरच ठेवली. आणि टाके मोठे घातले, कारण बारीक टाक्यांनी पातळ कापड तिकिटासारखं फाटतं.

कापडासाठी आम्ही निप्पोरीला गेलो. स्टेशनपासून लांबवर दोन्ही बाजूंना कापडाचीच दुकानं. आईला तिथून हलवणं अवघड होतं. ती प्रत्येक थान बोटांत चुरगळून सोडून देई आणि चुणी किती वेळ राहते ते बघे. माझी अट एकच होती, लेप नको. शेवटी मिळालं ते गडद, बिनचकाकीचं, पातळ विणीचं नायलॉन, दोन्ही बाजूंना किंचित ताणणारं. ताण देणारा जो स्पँडेक्स त्यात असतो तोही पॉलियुरेथेनच आहे, हे मला माहीत होतं. पण तो सहसा पॉलिइथर जातीचा असतो आणि नायलॉनच्या विणीत थोडाच असतो. तो मेला तरी कापड ढिलं पडेल, सालं निघणार नाहीत. चामड्याची लकाकी कशी आणायची हा प्रश्न उरला. आई म्हणाली, इस्त्रीचा हात. कापडावर सुती फडकं ठेवून कमी उष्णतेची इस्त्री गुडघ्या-कोपरावर दाबून फिरवली, तेवढीच जागा किंचित चमकायला लागली. वापरून झिजलेल्या चामड्यासारखी.

रंग उतरू नये म्हणून कापड तीनदा धुतलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आणि शरीरावर आधी पांढऱ्या पातळ मोज्याचा अस्तर चढवला, डाग पडलाच तर त्याला पडेल.

रायडर बसला. पूर्ण गुडघे दुमडून, सायकलवर बसल्यासारखा. मागे चुणी पडली, उभा केल्यावर गेली.

आत्ता कुठे आहे

२०२४ चा आणि त्यानंतरचा त्सुयू त्याने शोकेसमध्ये काढला. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवला आहे. ५० च्या वर काटा गेला की शोषक बदलतो. खोकं सपाट करून वेगळं ठेवलं. फिगर त्यात परत जाणार नाही. हातपाय किंचित वाकलेल्या स्थितीत असतात, कुठल्याच बाजूला कापड ताणलेलं राहू नये म्हणून. भेटायला येणाऱ्यांना त्याने हात फिरवून प्रसिद्ध रूपांतराची मुद्रा घ्यावी असं वाटतं. जुन्या पहिल्याला ती मुद्राच नव्हती. तो मोटरसायकल पळवायचा, पट्ट्यातलं चक्र वाऱ्याने फिरायचं आणि रूपांतर व्हायचं. मुद्रा आली दुसऱ्या रायडरबरोबर, कारण ससाकींकडे मोटरसायकलचा परवाना नव्हता. म्हणून माझा रायडर नुसता उभा असतो, स्कार्फ एका बाजूला.

गेल्या शरदात आम्ही फुकुशिमातल्या सुकागावाला गेलो. अल्ट्रामॅनमागचे विशेष दृश्यांचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया यांचं हे जन्मगाव; २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिथे तोकुसात्सु आर्काइव्ह सेंटर उघडलं. तोकुसात्सु म्हणजे पोशाख आणि प्रतिकृती वापरून केलेलं विशेष चित्रीकरण. चित्रीकरणात वापरलेल्या प्रतिकृती तिथे फळ्यांवर रचून ठेवल्या आहेत, काही दुरुस्त, काही तशाच. टीव्हीच्या एका हंगामापुरत्या केलेल्या वस्तू पन्नास-साठ वर्षं टिकवायची धडपड चालली आहे. मी आईला फोनवर फोटो पाठवले. तिने एक मोठा करून पाहिला आणि विचारलं, हे शिवण कोणी घातलंय?

पुण्याच्या मित्राला कटिंगची नक्कल आणि कापडाचा तुकडा पाठवला आहे. तिथल्या दमट जुलैत काय होतं ते त्याच्याकडून कळेल.

शोकेसमधला २००७ चा रायडर आता हातात घेतला आहे. त्याचा पोशाख अजून अंगावर आहे, पण डाव्या खांद्यावर पांढरी पूड दिसू लागली. मूळ कटिंग वर्तमानपत्राच्या त्याच तुकड्यावर आहे, पाकिटात, तारखेसह. मुंढ्यापाशी आईच्या अक्षरात ‘माया २, जास्त नको’ असं लिहिलेलं. उजवी बाही काल लागली. काखेतला शंकरपाळा मला अजून तिच्यासारखा जमत नाही, रविवारी व्हिडिओवर ती पुन्हा दाखवणार आहे.